‘जरा चौकापर्यंत जाऊन येते’ : जालन्यातल्या पायी संध्याकाळी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळले ते काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून कुठे चालत निघाला असाल तर उत्तमच, कारण आजचा विषय चालण्याचाच आहे. आणि गाडीवर असाल तर हेडफोन काढा आधी. घरी जाऊन ऐका.

प्रश्न साधा आहे. संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. काम संपलंय, घरात बसवत नाही. सोबत कुणालातरी घेऊन तासभर पायी भटकायचंय. बघायला काहीतरी असावं, खायला काहीतरी मिळावं, दमलं की टेकायला जागा असावी. बस. तर जालन्यात कुठे जायचं?

हसलात ना? मला माहितीये. ‘जालन्यात काय आहे?’ हे वाक्य आपण जालनेकरच सगळ्यात जास्त म्हणतो. पाहुणे आले की म्हणतो, पुण्याच्या मित्रांसमोर म्हणतो. मी चार वर्षं पुण्यात होते, तिथे हेच म्हणायचे. मग घरून काम सुरू झालं, मी परत आले, आणि या प्रश्नाचं उत्तर शोधायची वेळ माझ्यावरच आली. स्वतःसाठी नाही, आईसाठी.

गच्चीवरचे हरभरे

आमचं आधीचं घर कादराबादेत होतं. भाड्याचं, जुनं, अंधारं, पावसाळ्यात गळणारं. दोन वर्षांपूर्वी बाबांनी अंबड रोडच्या बाजूला, गावाबाहेर एका लेआउटमध्ये रो हाऊस घेतलं. एनए प्लॉट, समोर तीस फुटी सिमेंटचा रस्ता, गाडी लावायला जागा, हवा, उजेड. बाबांच्या आयुष्यभराच्या कष्टाचं घर आहे ते, आणि मला त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण त्या रस्त्यावर दुकान नाही. किराणा, दूध, शिंपी, गिरणी, मंदिर, काही म्हणजे काही नाही. संध्याकाळी सातला सगळ्यांची गेटं बंद. पाच दिव्यांतले दोन लागतात. आणि अंधार पडला की रस्ता कुत्र्यांचा.

आईला डॉक्टरांनी सांगितलं होतं, शुगर आहे, रोज अर्धा तास चाला. आई गच्चीवर चालायची. एका वाटीत चाळीस हरभरे घ्यायची, एक फेरी झाली की एक हरभरा दुसऱ्या वाटीत. मला सुरुवातीला ते गोड वाटायचं, मी त्याची रीलसुद्धा केली होती.

मग एका संध्याकाळी मी लॅपटॉप बंद करून वर गेले आणि सहज विचारलं, ‘झाल्या का गं फेऱ्या?’ ती म्हणाली, ‘झाल्या. आज दिवसभरात माझ्याशी बोलणारी तूच पहिली.’

तक्रारीच्या सुरात नाही म्हणाली. नुसतं सांगितलं. बाबा सकाळी दुकानावर जातात, मी दार लावून मीटिंगमध्ये. कादराबादेत हीच बाई दिवसातून चारदा ‘जरा चौकापर्यंत जाऊन येते’ म्हणून निघायची आणि पाऊण तासाने यायची. मला लहानपणी वाटायचं, चौक किती लांब असेल! चौक होता पन्नास पावलांवर.

तेव्हापासून मी ठरवलं, आठवड्यातून तीन संध्याकाळी हिला घेऊन बाहेर पडायचं.

आधी जे फसलं ते

पहिला प्रयत्न, हायवेवरचं एक छान कॅफे-रेस्टॉरंट. दिव्यांच्या माळा, झोका, फोटोसाठी रंगवलेली भिंत. स्कूटीवर वीस मिनिटं गेलो, बसलो, खाल्लं, वीस मिनिटं परत. रात्री मोबाईलमध्ये पावलं बघितली, चारशे बारा. आई म्हणाली, ‘चांगलं होतं, पण आपण फिरलो कुठं?’

तिचं बरोबर होतं. ते ‘बाहेर जाणं’ होतं, फिरणं नव्हतं. एका डब्यातून निघून दुसऱ्या डब्यात बसलो.

दुसरा प्रयत्न मोतीबाग. आता मोतीबाग आपल्या सगळ्यांचीच लाडकी आहे. झाडं आहेत, शेजारी मोती तलाव. हा तलाव जुना, जमशेदखानाने बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी नेलं, असं जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय. विचार करा, तेव्हा या गावाला नळयोजना होती! सकाळच्या व्यायामाला मोतीबागेसारखी जागा नाही. पण तिसऱ्या फेरीला आई थांबली आणि म्हणाली, ‘इथं पण सगळे गोल गोलच फिरतात गं. गच्चीसारखं. फक्त हरभरे नाहीत.’

मी खूप हसले. आणि मग घरी येऊन विचार करत बसले. बागेत तिला चालायला मिळत होतं, पण कुणी ओळखीचं भेटत नव्हतं, आणि पुढच्या वळणावर काय असेल याची उत्सुकता नव्हती. चालण्यासाठी चालणं हे औषध आहे. तिला औषध आधीच बरंच होतं.

फॉल-पिकोची संध्याकाळ

तिसरी वेळ ठरवून आली नाही. तिला साडीला फॉल-पिको करायचं होतं आणि तिचा भरवसा जुन्या माणसावरच. म्हणाली, सदर बाजारात सोड, मी येते. मी म्हटलं, मीही येते. स्कूटी लांब एका ओळखीच्या दुकानासमोर लावली आणि चालत निघालो.

कादराबादेच्या गल्लीत वळलो तशी तिची चाल बदलली. गुडघा दुखतो म्हणणारी बाई माझ्या पुढे. इथे एका ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजींनी वर बघितलं आणि ओरडल्या, ‘आगं माय! तू हायेस व्हय? म्या म्हणलं गाव सोडलं की काय!’

झालं. दहा मिनिटांचं अंतर, आम्हाला तास लागला. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा वाडा पडला, कुणी दुकानाला एसी लावला, इथला पिंपळ का तोडला. फुलवाल्याने न मागता गजरा दिला. मग सराफ्यातून, मग बडी सडक. एका गाड्यावर मोसंबीचा रस प्यायलो. आपल्या जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे बरं का, आणि आपण कॅफेत जाऊन बाटलीतला ऑरेंज ज्यूस मागवतो. आईने बिनसाखरेचा घेतला, मला दाखवून.

रात्री पावलं बघितली. तीन हजार नऊशे. गुडघ्याचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

फॉल-पिको मात्र राहिलंच. दुकान बंद झालं होतं.

हे रस्ते चालायला का बरे वाटतात?

मला हे कोडं सुटेना, म्हणून वाचलं थोडं. जेन जेकब्ज नावाची अमेरिकन लेखिका होती. १९६१ साली तिने अमेरिकेतल्या मोठ्या शहरांवर एक पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं असं की रस्ता जिवंत आणि सुरक्षित राहतो तो तिथे लक्ष असणाऱ्या माणसांमुळे. खाली दुकान, वर घर, ओट्यावर कुणी बसलेलं, खिडकीत कुणी उभं. या सगळ्यांचे डोळे रस्त्यावर असतात. न्यूयॉर्कबद्दल वाचत होते आणि डोळ्यांसमोर कादराबाद येत होतं. लसूण सोलणाऱ्या त्या आजी म्हणजे आपला सीसीटीव्ही. शिवाय हा सीसीटीव्ही हाकही मारतो.

दुसरी गोष्ट, हे भाग झाले तेव्हा सगळेच चालत होते. जालन्याची गंमत बघा. कुंडलिकेच्या एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवीन जालना. जुन्या जालन्याच्या पोलीस ठाण्याचं नाव आजही ‘कदीम जालना’ आहे, कदीम म्हणजे जुना. आणि ‘नवीन’ जालना किती नवीन? कादराबाद हाच त्याचा गाभा, आणि ती वस्तीही शेकडो वर्षांची. मस्तगड १७२५ सालचा, निजामुल्मुल्कच्या हुकमावरून काबिलखानाने बांधलेला. म्हणजे आपण ज्याला ‘नवीन’ म्हणतो तेसुद्धा मोटारीच्या कितीतरी आधीचं. कापसाचा व्यापार, सराफा, धान्याची आडत, मागून रेल्वे. माणूस, बैल, टांगा, यांच्या मापाने गल्ल्या पडल्या. म्हणून गल्लीत सावली असते, म्हणून दर दहा पावलांवर दुकान असतं.

आमचा लेआउट गाडीच्या मापाने पडलाय. तीस फुटी रस्ता, सरळ, रिकामा. गाडीला मस्त. साठीच्या बाईला तो संपतच नाही.

आणि आपण प्रगती कशाला म्हणतो? १ मे १९८१ ला जिल्हा झाला, २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, समृद्धी महामार्ग शेजारून गेला. सगळं छान आहे, मी स्वतः त्या गाडीने मुंबईला गेलेय. पण माझ्या आईला सात तासांत मुंबईला जाता येतं आणि संध्याकाळी कोपऱ्यावर जाता येत नाही, हे काहीतरी उलटं झालंय की नाही?

पिशवी

अजून एक निरीक्षण. आई दरवेळी निघताना कापडी पिशवी घ्यायची. काही आणायचं नसलं तरी. मी म्हटलं, ‘पिशवी कशाला?’ तर म्हणे, ‘असू दे. रिकाम्या हाताने फिरलं तर लोक विचारतात, कुठं निघाल्या?’

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींचं ‘व्हाय लॉइटर?’ नावाचं पुस्तक आहे, २०११ चं. मुंबईतल्या बायकांवर आहे. त्यांनी हेच दाखवलंय की बाई बाहेर दिसली तर तिच्याकडे काहीतरी काम असल्याचं दिसावं लागतं. हातात पिशवी, कानाला फोन, पाय भरभर. पुरुष पानटपरीवर तासभर उभा राहतो, त्याला कुणी विचारत नाही. त्या तिघी म्हणतात, बाईलाही विनाकारण रेंगाळायचा हक्क हवा. मुंबईत ही गत, तर आपल्याकडे काय सांगायचं. तुमच्या घरातल्या बायका ‘फिरायला’ म्हणून किती वेळा बाहेर पडल्या, आठवून बघा. बाजाराला, देवळात, दवाखान्यात, हे धरायचं नाही.

तर जायचं कुठे?

चला, आता कामाचं. आम्ही गेले काही महिने जे फिरलो, त्यातून तीन वाटा सांगते.

पहिली, कादराबाद ते सदर बाजार, फूल बाजार, सराफा, बडी सडक. खाणं, गप्पा, खरेदी, सगळं. पहिल्यांदाच जाणार असाल तर इथूनच सुरू करा. वेळ साडेसहा ते आठ. साडेआठनंतर शटर पडायला लागतात आणि रस्त्याचे डोळे मिटतात.

दुसरी, जुना जालना. गांधी चमनपासून सुरुवात करा, शनिमंदिराच्या बाजूने जा, आनंदी स्वामी मंदिराच्या गल्लीत शिरा. आषाढीला इथे पाय ठेवायला जागा नसते, पण एरवी संध्याकाळी फार शांत असतं. मंदिरात दहा मिनिटं टेकायचं आणि परत. मोठी माणसं सोबत असतील तर ही वाट चांगली. पाय उरले असतील तर मस्तगडाकडून नदी ओलांडून नव्या जालन्यात उतरा. कुंडलिकेकडे बघून वाईट वाटेल, पण बघा. आपली नदी आहे.

तिसरी, महिन्यातून एखाद्या रविवारी. अंबड. मत्स्योदरी देवीची टेकडी, पायऱ्या चढून वर गेलं की खाली अख्खं गाव दिसतं, आणि उतरल्यावर जुन्या अंबडच्या गल्ल्या. किंवा थेट संभाजीनगर, गुलमंडी ते पैठण गेट. पण गंमत सांगू? तिथे आईला मजा आली, तरी परतताना म्हणाली, ‘सगळं छान, पण तिथं आपल्याला कोण ओळखतं?’

तुम्ही परतूरला असा, मंठ्याला असा, भोकरदनला असा, तुमच्या गावातही अशी एक वाट आहे. ती ओळखायची कशी? मी चार गोष्टी बघते. एक, टेकायला ओटा, पायरी, पार आहे का. दोन, संध्याकाळी तिथे बायका आणि म्हातारी माणसं दिसतात का, ती दिसली तर जागा बरी आहे समजायचं. तीन, आलो त्याच रस्त्याने परत न येता दुसऱ्या गल्लीतून येता येतं का. चार, कुणीतरी थांबवून बोलेल अशी शक्यता आहे का.

आणि एक नियम. गाडी लांब लावा आणि विसरा. ‘अजून थोडं पुढपर्यंत नेऊ’ म्हटलं की संपलं. फिरायला गाडीवरून जायचं, हे विचित्र वाटतं, मलाही वाटलं. पण जोवर घराजवळ वाट नाही, तोवर वाटेजवळ घर न्यावं लागतं. पंधरा मिनिटांची स्कूटी आहे, तेवढी करा.

सगळं गुलाबी नाहीये

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणणार, ताई, जुन्या बाजारात कधी गेलीस तरी का? गर्दी, हॉर्न, उघडी गटारं, बुलेटचे फटाके.

मान्य. एकदा एक दुचाकी आईच्या कोपराला घासून गेली. मुलगा थांबलासुद्धा नाही. पुढचे दोन आठवडे ती आली नाही, परत हरभरे सुरू. गाड्यांनी ही जुनी वस्ती पार गुदमरवलीये, आणि त्या गाड्यांत माझीही एक आहे. पुण्यात दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता काही तास गाड्यांसाठी बंद ठेवतात, लोक रस्त्याच्या मधून चालतात. आपल्याकडे धुळवडीला हत्ती रिसाल्याच्या मिरवणुकीसाठी हेच रस्ते माणसांनी भरतातच ना? मग महिन्यातून एक संध्याकाळ बडी सडक नुसती चालणाऱ्यांची झाली तर काय बिघडेल? दुकानदारांना विचारून, त्यांना बरोबर घेऊन. मला हे अशक्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला लाज वाटते, पण बोलते. खूप दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आई संध्याकाळी चारनंतर पाणीच पीत नाही. का? कारण बाजारात बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह आम्हाला सापडलं नाही. शुगरची पेशंट, उन्हाळा, आणि पाणी नाही. आम्ही यावर तोडगा काढला, मधला थांबा ओळखीच्या घरी. पण सगळ्यांच्या ओळखीचं घर नसतं. तुम्ही आईला, आजीला घेऊन निघालात तर हे आधी विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.

आणि आपली कॉलनी?

शेवटचं. रोज काही स्कूटी काढून जाता येत नाही. मग मी आमच्या लेआउटचा नकाशा बघितला. त्यात एक कोपरा ‘ओपन स्पेस’ म्हणून दाखवलाय. महाराष्ट्रात मोठा लेआउट पाडताना, जमीन एक एकराच्या आसपास किंवा जास्त असली की, साधारण दहा टक्के जागा अशी मोकळी सोडावी लागते. आमच्याकडे त्या जागेवर गाजरगवत होतं आणि बांधकामाचा राडारोडा. तुमच्या कॉलनीतही बघा, नकाशावर ती जागा असणार.

आम्ही मोठं काही केलं नाही. शेजारच्या दोन काकूंना सांगितलं, तिघी-चौघींनी मिळून जेसीबीवाल्याला पैसे देऊन राडारोडा हलवला. सिमेंटचे दोन बाक आणून टाकले. एक भाजीवाला आता पाच वाजता तिथे गाडा लावतो, कारण तिथे बायका असतात हे त्याला कळलंय. आणि गाडा आला तसा दिवा आला, दिवा आला तशी पोरं आली. कादराबाद झालं नाही. कादराबाद व्हायला तीनशे वर्षं लागतात. पण चौक म्हणावा असं काहीतरी झालंय.

परवा मी मीटिंगमध्ये होते. दार थोडं उघडलं, आईने मान आत घातली आणि दबक्या आवाजात म्हणाली, ‘जरा चौकापर्यंत जाऊन येते.’ मी मान हलवली. मीटिंग संपल्यावर बघितलं तर पिशवी खुंटीलाच होती. आणि ती पाऊण तास झाला तरी आली नव्हती.

तर मंडळी, या आठवड्यात एक संध्याकाळ काढा. घरातल्या ज्या माणसाने ‘मला कुठं जायचंय आता’ म्हणायला सुरुवात केलीये, त्याला घेऊन निघा. गाडी लांब लावा. त्यांना पुढे चालू द्या, वाट त्यांना ठरवू द्या. आणि ती वाट कुठली निघाली, हे मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात परतूर, मंठा, भोकरदनच्या वाटा ऐकूया, तुमच्याच आवाजात.

काळजी घ्या. पाणी प्या. भेटू.